फणसावरचा आळ

मी कणकवली तालुक्यात वायरलेस नेटची जोडणी करतो. फायबर नेणं परवडत नाही अशा घाटाखालच्या वाड्यांवर आम्ही सड्यावरच्या टॉवरवरून ५.८ गिगाहर्ट्झचा रेडिओ मारतो. या पट्ट्याला परवाना लागत नाही, म्हणून आमच्यासारख्या छोट्या लोकांचं पोट चालतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून शिकणारी पोरं इथलीच. त्यानंतर पुण्या-मुंबईची नोकरी घरून करणारे परतले आणि आमचा धंदा वाढला.

त्यातल्याच एकाची तक्रार होती. दिवसभर नेट उत्तम, पण संध्याकाळी सात वाजले की घरघर सुरू, नेमकी अमेरिकेतल्या लोकांशी मीटिंगची वेळ. त्याने निदानही करून ठेवलं होतं: शेजारच्या चुलत काकांचा फणस आडवा येतो. काका फांदी तोडायला तयार नाहीत. बोलाचाली झाली होती, काकींचं जाणं-येणं बंद झालं होतं. "दादा, तुम्ही येऊन फक्त सांगा की फणसामुळेच होतंय," असं मला फोनवर सांगितलं. म्हणजे मी जोडारी कमी, साक्षीदार जास्त.

निघण्याआधी ऑफिसात बसूनच त्याच्या घरावरच्या रेडिओचं पान कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. सिग्नल उणे ६१ डीबीएम, एकदम चांगला. पण अपटाइम, म्हणजे यंत्र सलग किती वेळ चालू आहे ते, आदल्या रात्री साडेनऊपासूनचं दाखवत होतं. झाड आडवं आलं तर सिग्नल खाली जातो, स्पीड पडतो, लिंक तुटते सुद्धा. पण झाड कधी रेडिओची लाइट बंद करून परत चालू करत नाही.

दुपार कलताना वाडीत पोचलो. पाहतो तर काका अंगणात खुर्ची टाकूनच बसलेले. "माझ्या आजोबान लावलेलो फणस. फांदी तोडूक देवचंय नाय," हे त्यांनी मी गाडीवरून उतरायच्या आधीच सांगितलं. मी म्हटलं, काका, कोयता आणलेला नाही.

फणसावरचा संशय अगदीच खुळा नव्हता, हेही खरं. टॉवर चार किलोमीटरवर. रेडिओला नुसती दोरीसारखी सरळ रेघ मोकळी असून भागत नाही, रेघेभोवती फुगीर जागाही मोकळी लागते. एवढ्या अंतरात ती मधोमध सातेक मीटर त्रिज्येची होते. पण घरापासून शंभर मीटरवर, म्हणजे फणस होता तिथे, दोन-सव्वादोन मीटरच. शेंडा त्या जागेच्या खालच्या कडेला जेमतेम शिवत होता. पावसाळ्यात ओली पानं थोडा त्रास देतील, पण तेव्हा रेडिओ बसवलेला पाइप पाच फूट वर घेतला की झालं. रोज सातला सुरू होऊन दहाला थांबणारा त्रास मात्र फणसाचा नव्हे. झाडाला घड्याळ कळत नाही.

मी त्याला विचारलं, "नेट जातं तेव्हा वायफायचं नाव दिसतं का?" त्याने कधी बघितलंच नव्हतं. बघणार तरी कसा? मीटिंग अडली की तो मोबाइल घेऊन पडवीत धावायचा. राउटर आणि रेडिओचा पीओई अॅडॅप्टर, म्हणजे नेटच्या केबलमधूनच रेडिओला वीज देणारा डबा, दोन्ही पोटमाळ्यावर, केबल कमी लागावी म्हणून. त्यांचे दिवे विझले तरी खाली कोणाला कळणार नाही. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालूच राहायचा.

आता सात वाजायची वाट बघणं आलं. घरच्यांनी घावणे आणि कोरा चहा दिला. मी जिन्याखाली, खास घरून काम करण्यासाठी घेतलेल्या छोट्या इन्व्हर्टरपाशी, मल्टीमीटर लावून बसलो. पाचला २१४ व्होल्ट. साडेसहाला १९२. मग खालच्या बागायतीतले पंप सुरू झाले, मे महिना, सुपारीला पाणी द्यायची वेळ. हे लाइनीवरचं शेवटचं घर, ट्रान्सफॉर्मर पार देवळापाशी. आकडा १८३, १८१, १७८ आणि इन्व्हर्टर खट् करून बॅटरीवर गेला. थोड्या वेळाने पीं पीं, आणि सगळं गप्प. वरून तो ओरडला, "गेलं!" व्होल्टेज १८५ झाल्यावर पुन्हा खट्, वर राउटर सुरू होऊ लागला, दोन मिनिटं त्यात गेली आणि तोवर आकडा परत खाली.

इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला बोटाएवढं बटण असतं. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल. यूपीएसवर तो १८० व्होल्टच्या आसपास लाइन सोडून बॅटरीवर जातो, नॉर्मलवर शंभरेक व्होल्टपर्यंत लाइन धरून ठेवतो. दुकानदाराने कॉम्प्युटरसाठी म्हणून यूपीएसवर ठेवून दिलेलं. शहरात तेच बरोबर. इथे रोज संध्याकाळी बॅटरी पार उतरते, पुरती चार्ज व्हायला वेळच मिळत नाही. झाकण उघडलं तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं.

पीओई अॅडॅप्टरवर, राउटरच्या आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत इनपुट १००-२४० लिहिलेलंच होतं. म्हणजे या तिघांना १६५ व्होल्टवर चालायला काहीच हरकत नव्हती, त्यांना उगाच सांभाळणारा इन्व्हर्टरच त्यांना पाडत होता. बटण फिरवलं. डिस्टिल्ड वॉटर आणून भरायला सांगितलं. लाइट पूर्ण गेली तर बॅटरी लागणारच, ती सांभाळली पाहिजे. रेडिओच्या पाइपाची अर्थिंगही बघून घेतली, पहिल्या विजांच्या आधी ती लागतेच, जांभ्या दगडात ती उन्हाळ्यात धड लागत नाही.

आठ वाजता मीटरवर १६४ व्होल्ट आणि वर मीटिंग चालू. तो कॅमेऱ्यासमोर इंग्रजीत बोलत होता, मी मोबाइलवर अपटाइम वाढताना बघत होतो.

अंगणात आलो तर काका तिथेच. फणसाचा काही संबंध नाही म्हणून सांगितलं. "मी काय सांगी होतंय!" असं घरातल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, आणि मग हळू आवाजात महिन्याचे पैसे विचारले. नातवंडं सुट्टीत आली होती, त्यांचा टीव्ही नेटशिवाय चालत नव्हता.

त्यांच्यासाठी वेगळा रेडिओ बसवायचा तर समोर त्यांचाच फणस. मी स्वस्तातला मार्ग सांगितला. पुतण्याच्या पोटमाळ्यावरून केबल टाकायची, पन्नास-साठ मीटर भरेल, शंभरपर्यंत चालते. फक्त मधला बांध ओलांडायला लागेल. तो बांध कोणाचा, यावर त्यांच्यात माझ्या जन्माआधीपासून वाद आहे. केबल गाडीत आहे, दोघांपैकी कोणाचा फोन अजून आलेला नाही.