थंड गाडीचे ९४ अंश

इंजिनच्या पट्टीवरचं ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. गुरुजी म्हणाले, "मी तर ऑइल टाकलंच नाही, मिस्त्री. मग वाढलं कसं?"

गुरुजी वाईचे, शाळेत शिकवतात. गाडी २०२१ ची, बीएस-६ डिझेल. डिसेंबरातल्या एका दुपारी साताऱ्याला माझ्या गॅरेजवर आले, तेव्हा डॅशवर चेक लाइट होता, शेजारी डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरचा दिवा, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा उचलत नव्हती. हातात एक घडी घातलेला कागद. पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपचं एस्टिमेट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डीपीएफ मिळून १,४८,००० रुपये. खाली पेनने लिहिलेलं, 'शॉर्ट रनिंगमुळे चोकअप'.

ते वाचून मला आधी पटलंच. घर ते शाळा आठ किलोमीटर, शाळा ते घर आठ किलोमीटर. एवढ्याशा फेरीत फिल्टर नीट तापत नाही, काजळी जळत नाही. अशा गाड्यांचे डीपीएफ भरतात, त्यात नवल नाही. प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला १ एप्रिल २०२० ला, त्यानंतर काही काळ माझ्याकडे दर आठवड्याला अशी एकतरी गाडी यायची. गिऱ्हाइकाला सांगायचं, रविवारी हायवेला तासभर पळवून आणा. बहुतेकांचं तेवढ्यावर भागायचं.

पण गुरुजींनी पुढचं सांगितलं आणि मी जरा थबकलो. ते म्हणाले, "दोन रविवार पुण्याला जाऊन आलो. खंबाटकी चढून, उतरून. तरी तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला." पुणं एका बाजूने नव्वदेक किलोमीटर. एवढ्या रनिंगमध्ये तर फिल्टर साफ व्हायला हवा. आणि ऍव्हरेज? सोळावरून अकरावर आलेलं.

इथे थोडं आतलं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक या सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतं. पण या गाडीत टर्बोनंतर आधी डीओसी येतो, म्हणजे डिझेलचा कॅट, आणि त्याच्यामागे डीपीएफ, काजळी धरून ठेवणारा. काजळी साठली की कॉम्प्युटर ती जाळायला घेतो, त्याला आम्ही रीजन म्हणतो. त्यासाठी इंजेक्टर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतात, ते कॅटमध्ये जळतं आणि डीपीएफच्या तोंडाशी सहाशेच्या आसपास तापमान तयार होतं. किती डिझेल सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो कॅटच्या पुढच्या आणि मागच्या तापमानाच्या सेन्सरला विचारून. आणि या उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये झिरपतं. रीजन पुन्हा पुन्हा होत राहिलं की पट्टीवर ऑइल वाढतं. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर हे.

म्हणजे गाडी रीजन करत होती. भरपूर करत होती. पण काजळी जळत नव्हती.

स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड एकच, पी२४६३, फिल्टरमध्ये काजळी जास्त. तापमानाच्या सेन्सरचा एकही कोड नाही. आधी डीपीएफच्या प्रेशर सेन्सरचे दोन्ही रबरी पाइप काढून बघितले, कारण ते तडकले तरी हेच नाटक होतं. पाइप ठणठणीत. मग लाइव्ह डेटा. गाडी नुकतीच वाईहून आलेली, इंजिन आयडलला. कॅटच्या पुढचा सेन्सर २१० अंश, मागचा २९०.

यात चुकीचं काहीच दिसत नव्हतं. हायवेवरून आलेली गाडी आयडलला ठेवली की पुढचा धूर थंड व्हायला लागतो आणि कॅट आतली धग धरून बसतो. मागचा आकडा जास्त असूच शकतो. माझ्याकडे आयटीआय केलेला एक पोरगा आहे, तो म्हणाला, "दादा, कॅट तर चांगला काम करतोय की." मलाही तसंच वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी फोर्स रीजन, म्हणजे स्कॅनरवरून जबरदस्तीने रीजन मारून, ऑइल बदलून गाडी देऊन टाकली असती. आठ दिवसांनी ती परत आली असती आणि मीही १,४८,००० चाच आकडा सांगितला असता.

अडलं ते एवढ्यावरच, की तापलेल्या गाडीचा कुठलाही आकडा खरा वाटतो. तिथे खरं काय असायला हवं हे आपल्यालाच ठाऊक नसतं. थंड गाडीचं मात्र पक्कं ठाऊक असतं. रात्रभर उभ्या गाडीत पाणी, हवा, डिझेल, धुराचा पाइप, सगळं एकाच तापमानाला येतं, म्हणून सगळ्या सेन्सरनी एकच आकडा सांगितला पाहिजे.

गुरुजींना म्हटलं, गाडी राहू द्या आज. त्यांनी कागद परत नीट घडी घालून खिशात ठेवला आणि स्टँडवर जाऊन वाईची एसटी धरली.

सकाळी सातला शटर उघडलं. तोंडातून वाफ निघत होती. इंजिन चालू करायचं नाही असं पोराला दोनदा बजावलं, कारण त्याचा हात सवयीने चावीवर जातो. फक्त इग्निशन ऑन. पाणी १४. आत येणारी हवा १४. डिझेल १४. कॅटच्या पुढचा सेन्सर १५.

मागचा, ९४.

पोरगा काही बोलला नाही. सरळ गाडीखाली गेला आणि कॅटच्या मागच्या पाइपाला हात लावला. "दादा, हात लावा की. बर्फ हाय नुसता."

आता हा खोटेपणा सेन्सरचा की वायरिंगचा, हे ठरवायचं होतं. आमच्या भागात उंदरांनी कुरतडलेली वायर ही पहिली शंका, आणि कपलरमध्ये, म्हणजे वायरीच्या जोडणीत, गंज धरला तरी आकडा असाच वर जातो. मागच्या सेन्सरचा कपलर काढला आणि थेट सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावला. २७१ ओहम. मग पुढच्या सेन्सरचा कपलर काढून तोही मोजला. २११. दोन्ही एकाच जातीचे, पीटी-२००, आत प्लॅटिनम. शून्य अंशाला २०० ओहम आणि तापेल तसा वाढत जाणारा. १४ अंशाला २११ हे बरोबर पुस्तकातलं. २७१ म्हणजे ६० ओहम कुठेतरी आतच जास्तीचे घुसलेले. (पाण्याचा सेन्सर याच्या उलटा असतो, तापला की ओहम कमी होतात. नवीन पोरं इथे हमखास गोंधळतात, म्हणून मी दोन्हींचे आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत.)

तरी वायरिंग निर्दोष आहे याची खात्री नव्हती. इथे मी जे केलं त्यावर पोरगा हसला. टूलबॉक्समध्ये जुन्या रेडिओ रिपेअरवाल्याकडून आणलेले रेझिस्टर असतात. त्यातला लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा काढला, म्हणजे २२० ओहमचा. मीटरवर २२१ भरला. त्याच्या दोन्ही तारा वाकवून वायरिंगकडच्या कपलरमध्ये अलगद टेकवल्या. स्कॅनरवर आता ९४ नाही, आकडा २७ वर येऊन थांबला. हिशेबाने तेवढाच यायला हवा होता. म्हणजे वायर बरी, कॉम्प्युटर बरा, कपलर बरा. दोन रुपयांच्या रेझिस्टरने खरं सांगितलं, महागडा सेन्सर खोटं बोलत होता.

मग पाटीवर हिशेब मांडला. हेच ६० ओहम गरम असताना जास्तीचे धरले, तर डीपीएफच्या तोंडाशी खरे ५०० अंश असताना कॉम्प्युटरला दिसणार ५९४. त्याला वाटणार, झालं आपलं काम, आणखी डिझेल कशाला सोडा. ५०० ला काजळी नुसती धुमसते, सहाशेला जळते तशी जळत नाही. म्हणून फिल्टर भरलेलाच, म्हणून पुन्हा रीजन, पुन्हा डिझेल ऑइलमध्ये. कोड का पडला नाही? कारण कोड पडायला वायर तुटावी लागते, शॉर्ट व्हावी लागते, नाहीतर आकडा अगदीच अशक्य यावा लागतो. हा सेन्सर शक्य वाटेल एवढंच खोटं बोलत होता. आदल्या दिवशी दुपारी पाहिलेले २९० सुद्धा खरे २०५ च होते, म्हणजे कॅटच्या पुढच्यापेक्षा किंचित कमी.

सेन्सर काढणं हे वेगळंच प्रकरण. तीन वर्षं लाल होऊन थंड होणाऱ्या लोखंडात बसलेली चुडी, म्हणजे आटे. इथे जोर लावला की सेन्सरबरोबर कॅटची चुडीही निघून येते आणि मग तो १,४८,००० चा कागद खरा ठरतो. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबलो, गाडी थोडी गरम केली, पुन्हा तेल. मग पाना पाव फेरा सैल, पाव फेरा परत, पुन्हा पाव सैल. वीस मिनिटांनी कुरकुर थांबली आणि सेन्सर हाताने फिरायला लागला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. नवीन सेन्सर ७,२०० रुपयांना पुण्याहून मागवला, तो दुसऱ्या दिवशी आला.

रीजनआधी ऑइल काढलं. डिझेल मिसळलेल्या ऑइलवर गाडी तापवायची म्हणजे टर्बोच्या वाटेने इंजिनाने तेच ऑइल ओढून सुसाट सुटण्याची भीती. नवीन भरताना लो-ऍश, म्हणजे कमी राखेचं ऑइलच भरलं. इथे लोक शे-दोनशे वाचवतात आणि साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठवतात, जी काही केल्या जळत नाही. मग गाडी गॅरेजच्या मागे मोकळ्या जागेत नेली, खालचं वाळलेलं गवत झाडून काढलं आणि स्कॅनरवरून रीजन दिलं. मागचा आकडा या वेळी खरा चढत होता. ४००, ५२०, ६१०. पंचवीस मिनिटं उभी गाडी घुमत होती, पंखा फुल्ल, पाइपाच्या तोंडाशी हवा लवथवत होती. काजळीचा आकडा उतरत उतरत जवळपास शून्यावर आला.

मधल्या वेळात आणखी एका ओळखीच्या मिस्त्रीचा गुरुजींना फोन आलेला, फिल्टर आतून फोडून टाकू, वीस हजारांत काम. असं करणारे खूप आहेत. कायद्याने गुन्हा आहे, आणि मी ते करत नाही, एवढंच त्यांना सांगितलं.

गुरुजींनी बिल पेपर तपासावा तसं वरून खाली वाचलं. मग विचारलं, "तो रेझिस्टर लावला नाही यात?"

"तो माझाच, गुरुजी. परत डब्यात गेला."

तीन आठवड्यांनी फोन आला. ऍव्हरेज पंधरा पडतंय, दिवा नाही, पुण्याला एकदा जाऊन आले.

"आणि ऑइलची पट्टी?"

"रोज सकाळी बघतोय."

"रोज नका हो बघू."