सतरा नंबरची गोष्ट

27 मे, रात्रीचे सव्वाअकरा

नवतप्याचा, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतला, तिसरा दिवस. सकाळी दहाला नळ सोडला तर पाणी कढत. पण झोप उडालीय ती उन्हानं नाही. काल रात्री नऊला ग्रुपवरच्या गोष्टींच्या स्पर्धेतली झाकलेली नावं उघडली आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये.

सतरा नंबरची गोष्ट वहिनींची निघाली.

एवढंच झालंय. कुणी भांडलं नाही, कुणी कुणाला दुखवलं नाही. पहिला नंबर आला म्हणून सगळ्यांनी वहिनींचं कौतुक केलं, मीही केलं, फुलांचा गुच्छ टाकला. मग फोन पालथा ठेवून कणीक मळायला घेतली. कणीक सैल होत चाललीय आणि मी पाणी घालतेच आहे, हे बऱ्याच वेळानं कळलं.

स्पर्धा तशी घरगुतीच. दर उन्हाळ्यात ग्रुपवर असते. शतशब्दकथा, आम्ही नुसतं शशक म्हणतो. मथळा सोडून बरोबर शंभर शब्द, नव्व्याण्णव चालत नाहीत आणि एकशे एकही नाही. गोष्ट संयोजनवाल्या ताईंकडे पाठवायची, त्या नाव झाकून नंबर घालून टाकतात, आठवडाभर वाचायचं, प्रत्येकीला तीन मतं, आपल्या गोष्टीला द्यायचं नाही. बक्षीस काही नसतं. यंदा चोवीस गोष्टी आल्या होत्या.

शब्द मोजण्यावरून दरवर्षी दोन दिवस जातात. मला ते दोन दिवस फार आवडतात. आपल्या भाषेत शंभर शब्दांत जास्त मावतं, कारण आपण जोडून लिहितो. 'घरासमोरच्यासुद्धा' हा एक शब्द आहे. त्यात घर आलं, समोर आलं, सुद्धा आलं. शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं हा व्याकरणाचा नियम आहे, म्हणून 'आईसाठी' एक. काही जणी 'आई साठी' असं तोडून टाकतात आणि मग बिचाऱ्यांचे शब्द वाढतात. उलट काही जणी नको तिथे जोडतात. फोन तर नुसती मधली जागा बघून मोजतो, त्याला व्याकरणाशी देणंघेणं नाही. आजी जात्यावर बसायची तेव्हा दोन ओळींत सासर आणि माहेर दोन्ही आणायची. तिला कुणी शब्द मोजून दिले नव्हते.

माझी गोष्ट नऊ नंबरची. 'फलाट'. तिच्यावर मी अकरा दिवस घालवले. पहिला खर्डा 164 शब्दांचा होता. मेट्रोत बसून कापायची. सुभाष नगरला चढताना 164 होते, झांशी राणी चौक आला तेव्हा 130 आणि सीताबर्डीला उतरताना 121. शेवटचे एकवीस निघता निघेनात. 'जुनाट' काढला, 'हळूच' काढला, फलाटावरच्या पाण्याच्या नळाचं अख्खं वाक्य काढलं. शेवटी कलाटणी होती. डबा घेऊन रोज गाडीची वाट बघणारा म्हातारा, आणि ज्या गाडीची तो वाट बघतो ती बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली. मला ती चांगली वाटत होती. अजूनही वाटते. तीन मतं पडली.

तीन मतांचं वाईट वाटलं, नाही असं नाही. मी कॉलेजात असल्यापासून लिहिते, घरात लिहिणारी म्हणून मलाच ओळखतात. पण तीन मतांनी मी अशी जागी राहिले नसते.

सतरा नंबर मी पहिल्यांदा वाचली ती जेवणाच्या सुट्टीत. मथळा एकच शब्द, 'रेघ'. सुरुवातच अशी: 'घरात चार कूलर होते आणि नळ एक.' पुढे एक बाई दुपारी बादलीनं कूलर भरत फिरते. बैठकीतला, मुलाच्या खोलीतला, पाहुण्यांच्या खोलीतला. शेवटचा तिचा. माझा मी भरते, म्हणते. रात्री चारही पंखे घरघरत असतात. मग ती बाई गोष्टीत नसते. कसं, कधी, ते लिहिलेलंच नाही. कूलर काढायचे म्हणून कुणीतरी टाक्या पुसायला घेतं. इथल्या पाण्याच्या क्षारांची पांढरी रेघ तीन टाक्यांना बोटभर जाड. चौथ्या टाकीत हात घातला तर आत दुकानातला रंग तसाच. आणि शेवटचं वाक्य: 'फडकं कोरडं निघालं.'

अख्ख्या गोष्टीत कौतुकाचं एक विशेषण नाही. ती बाई चांगली होती असं कुठे म्हटलेलं नाही. मी डबा तसाच झाकला. पहिलं मत तिला दिलं आणि खाली लिहिलं, 'ही गोष्ट लिहिणारीला माझा नमस्कार. मला माझी आई आठवली.'

हे मी लिहिलं. तीसेक जणींच्या देखत. आणि वहिनींनी ते वाचलं असणार, त्या रात्रीच.

ओळखलं कसं नाही? काल रात्रीपासून मी हेच एक विचारतेय. नागपूरच्या महाल भागातलं माहेरचं घर, चार कूलर, एक नळ. पाहुण्यांची खोली म्हणजे माझी खोली, मी मुलांना घेऊन मे महिन्यात जायची तेव्हाची. माझा मी भरते, हे वाक्य तर आईच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. आणि चौथा कूलर कुठे आहे? हा काय, इथे, माझ्या खिडकीत. घर आवरलं त्या दिवशी (घराचं पुढे काय झालं ते आज नको) मीच म्हटलं होतं, हा चांगल्या अवस्थेत आहे, हा मी नेते. चांगल्या अवस्थेत! तिसरा उन्हाळा आहे हा त्याच्या वाऱ्यात झोपायचा. तरी मला वाटलं, कुणाच्या तरी आईची गोष्ट आहे.

आणि मग, हे लिहायला जड जातंय, मला राग आला. वहिनींचा. आई माझी होती. लिहायची तर मी लिहायची. त्यांनी कधी ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रापलीकडे काही टाकलं नाही. त्यांना ग्रुपवर घेतलं तेच मी, वाचायला आवडतं म्हणून. मी इतकी वर्षं आईवर लिहायचं म्हणून वही बाजूला काढून ठेवलीय. दोनदा सुरुवात केली. एकदा तिच्या नऊवारीवर, एकदा तिच्या हातच्या वडाभातावर. दोन्ही वेळा दुसऱ्या पानावर गोड गोड व्हायला लागलं म्हणून सोडून दिलं. आणि इथे शंभर शब्दांत आई पुरी झाली, तीही दुसऱ्या कुणाच्या हातून.

दुसऱ्या कुणाच्या. बावीस वर्षं एका घरात राहिलेल्या बाईला मी असं म्हणतेय. मी तर लग्न होऊन निघून गेले होते.

2013 चा मे आठवतो. 23 तारखेला पारा 47.9 वर गेला होता, नागपूरचा उच्चांक म्हणून पेपरात आलं होतं. मी तेव्हा माहेरीच होते. मुलं लहान. आईनं आमच्या खोलीतल्या कूलरची ताटी त्याच आठवड्यात नवी बसवून घेतली होती, वाळ्याचा वास पार बैठकीपर्यंत यायचा. त्या रात्री मुलं चादर मागत होती, इतकं गार झालं होतं. आई पलीकडच्या खोलीत. भिंतीपलीकडून तिच्या कूलरची घरघर ऐकू यायची आणि मी निर्धास्त झोपायची. पंखा चालला की आवाज येतोच. टाकीत पाणी आहे की नाही ते आवाजावरून कळत नाही.

आणि 2019. तोतलाडोह धरण आटलं, जुलै उजाडला तरी पाऊस नाही, गावाला एक दिवसाआड पाणी. त्याही साली मी चार दिवस गेलेच होते. एका टाकीला पाच बादल्या लागायच्या. कुणी मोजल्या असतील त्या बादल्या? मी शब्द मोजते.

आज सकाळी वहिनींचा फोन आला. मी करणार होते, पण त्यांनीच केला.

"ताई, रागावल्या का?"

"नाही हो वहिनी. रागवायचं काय त्यात."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी देणारच नव्हते गोष्ट. लिहून ठेवली होती नुसती. तुमचे दादा म्हणाले, पाठवून पाहा, नाव तं झाकलेलंच राहते. मले वाटलं पंचवीस-तीस जणीत कोणाले समजते."

भावना अनावर झाल्या की त्या काटोलच्या बोलीवर जातात.

"आणि मग तुम्ही खाली लिहिलं ना, आई आठवली म्हणून. मी तुम्हाले फोन लावून राहिली होती ताई. मग म्हटलं, आताच सांगितलं तर नाव फुटते, सगळ्यांचं बिघडते. सहा दिवस काढले मी."

मी विचारलंच. "तुम्हाला माहीत होतं का हे? आधीपासून?"

"कुठचं माहीत? तुम्ही कूलर न्यायला आल्या ना, त्याच दिवशी. तुम्ही वर पेटी आवरत होत्या. मी म्हटलं टाकी पुसून देऊ. हात घातला तं फडकं कोरडंच. विचाराले आई कुठे होत्या?" मग आवाज एकदम खाली आला. "एका भिंतीच्या पलीकडे होती मी बावीस वर्षं. भरलाच असेल म्हणून चालली."

मी काही बोलू शकले नाही. मला वाटत होतं त्यांनी माझी आई घेतली. आणि त्या तीन वर्षं तेच कोरडं फडकं मनात घेऊन स्वयंपाक करत होत्या, सणवार करत होत्या, दर रविवारी मला फोन करत होत्या.

दुपारी दादाशी बोलले. तो म्हणाला, "तुम्ही दोघी उगाच मनाला लावून घेता. आईला ओली हवा सोसायचीच नाही, गुडघे धरायचे तिचे. म्हणून पंप लावत नसेल." गुडघे धरायचे हे खरंच आहे. पावसाळ्यात ती जिना चढायची नाही. म्हणजे तिनं पाणी आमच्यासाठी राखलं असेल, किंवा तिला नुसता कोरडा वाराच बरा वाटत असेल. पण मग आम्हाला का नाही सांगितलं? माझा मी भरते असं का म्हणायची? आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, की मुलांना ओढत त्याच खोलीत नेलं असतं?

मगाशी सतरा नंबर पुन्हा काढून वाचली. वहिनींनी कारण लिहिलेलंच नाही. गुडघेही नाहीत आणि त्यागही नाही. त्याग मी वाचला होता, माझ्या मनानं घातला होता. 'फलाट'मध्ये मी शेवटच्या ओळीत सगळं उलगडून सांगते. म्हातारा कुणाची वाट बघतो, गाडी कधी बंद झाली, सगळं. वहिनींना उलगडून सांगता येण्यासारखं काही माहीतच नव्हतं, आणि जे माहीत नव्हतं ते त्यांनी लिहिलं नाही. इतकी साधी गोष्ट आहे ही. मी अकरा दिवसांत विशेषणं काढत होते आणि हे मला सुचलं नाही.

राग गेलाय का? थोडा आहे. खोटं कशाला लिहू. उद्या कुणी ग्रुपवर म्हटलं की वहिनींनी सासूवर काय सुंदर लिहिलं, तर मला ते सहजपणे ऐकून घेता येणार नाही. पण रविवारी जाणार आहे त्यांच्याकडे. सांबारवडी घेऊन जाईन, त्यांना आवडते. आणि त्यांची ती वही दाखवा म्हणेन, जिच्यात लिहून ठेवली होती म्हणाल्या. अजून काय काय आहे तिच्यात कुणास ठाऊक. आईचं असेल तर मला वाचायचं आहे.

मघा हे सगळं लिहायला बसण्याआधी टॉर्च घेऊन कूलरची मागची ताटी काढली. आत पाहिलं. रेघ आहे. अर्ध्या बोटाइतकी जाड, खरबरीत, नखानं निघत नाही. तीन उन्हाळ्यांत मी धरवलेली. तिच्या वर रंग अजून कोरा आहे, निळा.

ताटी परत बसवली आणि पंपाचं बटन बंद केलं. पंखा चालू ठेवलाय. आवाज तोच येतोय, अगदी तोच, महालातल्या भिंतीपलीकडून यायचा तसा. पहिली दहा मिनिटं वारा गार होता. आता कोमट झालाय. वाळ्याचा वास जवळजवळ गेला. मानेला घाम यायला लागलाय आणि गुडघ्यांना तर काहीच वाटत नाही, बरंही नाही, वाईटही नाही.

अकरा पन्नास. ताटी हातानं चाचपून पाहिली. खालच्या बाजूला अजून ओल आहे.