कुंचीपासून कांगारू पट्ट्यापर्यंत: आमची वाटचाल

आमच्याकडे कापडाचा तागा आला की तो आधी दोनदा धुतला जातो, मगच कटिंगच्या टेबलावर येतो. नव्या कापडाला खळ असते, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की ती खळही तिला टोचते. पूर्वी घरोघरी बाळाला पहिले काही दिवस आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचे, ते उगाच नव्हे. धायरीतल्या आमच्या छोट्या युनिटात दुपटी, लंगोट, झबली, टोपडी सगळं शिवलं जातं. पण मुख्य काम आता कांगारू पट्ट्याचं. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून, तासन्‌तास धरून ठेवणारा हा पट्टा.

याच कामात का पडलात, असं पुष्कळजण विचारतात, म्हणून सांगते. बहात्तरच्या दुष्काळात आईवडील बीडकडून पुण्याला आले ते बिगारी कामाला. कोथरूडला तेव्हा भराभर सोसायट्या उभ्या राहत होत्या. आमची पत्र्याची खोली साइटवरच असायची. इमारत झाली की पत्रे उचलायचे आणि पुढच्या साइटवर जायचं. आई पोटुशी असतानाही घमेली उचलत होती. माझा धाकटा भाऊ आठव्या महिन्यातच, ऐन थंडीत, त्या पत्र्याखाली जन्मला. शेजारच्या मावशींनी रीतीप्रमाणे त्याला लगेच न्हाऊ घातलं आणि वडिलांच्या सदऱ्यात गुंडाळून आईच्या शेजारी निजवलं. मी नऊ वर्षांची होते. त्याचे पाय चोळत बसले होते. पाय गारच होते, मग पोटही गार लागायला लागलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही,’ असं बायका म्हणाल्या आणि आईने ते मान्य केलं. आठवडाभरात ती कामावर होती.

ते म्हणणं खोटं आहे. आठव्या महिन्याचं मूल सातव्यापेक्षा जास्तच तयार झालेलं असतं. बाळ ओलं जन्मतं, आणि ते पाणी वाळताना अंगातली ऊब घेऊन जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली फारशी चरबी नसते, डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्यामुळे ते झपाट्याने गार पडतं. गार पडलेल्या बाळाला दूध ओढायची ताकद राहत नाही, आणि दूध नाही म्हणून ते आणखी गार पडतं. म्हणूनच आता बाळाला जन्मल्याबरोबर पुसून कोरडं करून आईच्या अंगावर ठेवतात आणि अंघोळ निदान 24 तास पुढे ढकलतात. मावशींना जे ठाऊक होतं ते त्यांनी मायेनेच केलं. पण भावाला हवी होती ती ऊब आईच्या अंगात होती, आणि तो तिच्यापासून वीतभर लांब होता.

धंद्याची सुरुवात मात्र साधी झाली. लग्नानंतर शिवणक्लास केला, बचत गटातून कर्ज काढून जुनी मशीन घेतली आणि बारशाच्या कुंच्या शिवायला लागले. कापडगंजातून कटपीस आणायचे, गोटा लावलेल्या कुंच्या तुळशीबागेत दुकानदारांना द्यायच्या. त्यावर घर चाललं, दुसरी मशीन आली.

पुढे नात्यातल्या एका मुलीला दीड किलोचं बाळ झालं. तिच्या वॉर्डात बायका ओढणीने बाळ छातीशी बांधून बसलेल्या पाहिल्या. ओढणी सुटायची, म्हणून एक हात कायम बाळाखाली. जेवायचं कसं, पाणी प्यायचं कसं? तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “ताई, तुम्ही शिवता ना? मग या बायकांचे हात मोकळे करा.” आमचं पुढचं सगळं काम त्या एका वाक्यातून निघालं.

पट्टा दिसायला सोपा, पण एकेक गोष्ट वॉर्डातूनच शिकावी लागली. शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाला वळ उठत नाहीत. बटण नाही, कारण ते गालात रुततं. वरची कड बाळाच्या कानापर्यंत यायला हवी, म्हणजे मान कलत नाही. नाक-तोंड उघडं राहिलं पाहिजे, ते एका बाजूला वळलेलं. पाय बेडकासारखे दुमडून बसतील एवढी खालची झोळ. गाठ कुशीला, कारण पुढे आली तर सिझेरियनच्या टाक्यांवर दाब येतो. रंग पिवळा नको, असं सिस्टरांनी बजावलं. त्या झाकेत कावीळ ओळखायला अडचण होते. आम्ही पांढरट रंगच ठेवला. होजिअरी कापड तिरुपूरहून येतं, आणि दवाखान्याच्या गरम पाण्यातल्या धुलाईत ताण टिकतो की नाही ते आधी इथे उकळून बघतो.

बाळाला असं छातीशी धरायची ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथे बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. पण पेटी नाही म्हणून आई, असं ते आता राहिलेलं नाही. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत 1 ते 1.8 किलोच्या बाळांवर अभ्यास झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले, असं त्यात 2021 मध्ये दिसलं. दिवसाला निदान 8 तास, जमेल तितकं जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून सांगते आहे. आपल्या गडचिरोलीत तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ते वाचलं तेव्हा मला आमची पत्र्याची खोली आठवली. तिथेही कुणी येऊ शकलं असतं.

पैशाचं म्हणाल तर हा धंदा सोपा नाही. एका मोठ्या दवाखान्याने आमचं बिल वर्षभर अडवलं होतं. तेव्हा कुंच्यांच्या पैशांवर पगार दिले. टेंडरमध्ये पॉलिस्टरवाले आमच्या निम्म्या दरात उतरतात. त्या कापडात आईला घाम येतो आणि ती तासाभरात पट्टा सोडते. दर कमी करायला मी तयार असते, कापड बदलायला नाही.

आठ तास बसायचं तर त्या बाईचं घर कोण बघणार, हा खरा प्रश्न आहे. बिगारी बाईला तर रोजही बुडतो. त्यासाठी आम्ही गेल्या दिवाळीपासून बापाच्या मापाचे पट्टे काढले आहेत, छातीला रुंद आणि खांद्याला लांब. सासवाही ते बांधतात. आमच्या युनिटात कुणी पोटुशी असेल तर तिला सातव्या महिन्यापासून बसून करायचं काम मिळतं, आणि परत येताना तिने बाळ सोबत आणायचं.

कुणाच्या घरी कमी वजनाचं बाळ असेल तर पट्टा आम्ही एकेकटाही देतो, कापड-शिलाईच्या खर्चात. फक्त न्यायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरांकडून तो बांधायला शिकून घ्या, आणि घरातल्या आणखी एकाला तरी शिकवा.