हळू डुलणारी लाँच

जुलै सरत आला होता. मासेमारीबंदी उठायला थोडेच दिवस राहिलेले आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात रंग, ग्रीस, वेल्डिंग यांची घाई चाललेली. मी बोटींची आखणी आणि तपासणी करतो. विम्याच्या कागदांसाठी एका पर्ससीनवाल्या, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याने मासेमारी करणाऱ्या लाँचच्या मालकाने मला बोलावलं होतं. लाँच चालवणाऱ्या त्याच्या तांडेलाला मात्र हे काम फुकटचं वाटत होतं.

"साहेब, हिच्यात बघायचंय काय? पयली कशी झटके द्यायची, उभं राहू देत नव्हती. केबिनवर सामान चढवल्यापासून शांत डुलते. पोरं निवांत झोपतात."

ऐकून माझे कान टवकारले. केबिनच्या टपावर हजार लिटरची पाण्याची टाकी, जादा दोर, लोखंडी सामान आणि वर पत्र्याचं छप्पर. लाँच कलली की कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाण्याचा वर ढकलणारा जोर तिकडे सरकतो आणि तिला सरळ करतो. वजन जितकं वर, तितकी सरळ करणारी ही ताकद कमी, आणि तितका परत यायला वेळ जास्त. खलाशाला जे सुख वाटतं, ते बऱ्याचदा उलटण्याच्या दिशेने टाकलेलं पाऊल असतं.

वारा पडलेला होता. तळाचं पाणी उपसून घेतलं, जेटीचे दोर ढिले सोडले आणि चार खलाशांना तालात या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत धावायला लावलं. लाँच नीट डुलू लागल्यावर त्यांना मध्ये उभं केलं आणि घड्याळ लावलं. डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे, हा एक हेलकावा. पाच हेलकाव्यांना साडेपस्तीस सेकंद लागले, म्हणजे एकाला ७.१.

लाँचची रुंदी ५ मीटर. रुंदीला ०.८ने गुणायचं, हेलकाव्याच्या सेकंदांनी भागायचं आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा. ही मेटासेंट्रिक उंची, लाँच किती जोराने सरळ होते त्याचं माप. उत्तर आलं ०.३२ मीटर. मासेमारी जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषात किमान ०.३५ लागतं. शिवाय मागच्या डेकवर रचलेलं जाळं अजून कोरडं होतं. भिजलं की त्याचं वजन आणखी वाढणार, आणि भरलेलं जाळं बूमने, म्हणजे जाळं उचलायच्या आडव्या दांड्याने, उचललं की ते पाण्यापासून वीतभरच वर असलं तरी त्याचा सगळा भार बूमच्या टोकावर आल्यासारखा लागतो. हे शेवटचं तांडेलाला पटेना. बूमला बादली लटकवून दाखवली तरी तो मान हलवतच राहिला.

मग डेकवर फिरताना पाणी निघून जायची कडेची भोकं दिसली. त्यांत गोणपाटाचे बोळे गच्च कोंबलेले. बारीक मासळी वाहून जाऊ नये म्हणून! मासळी राहते हे खरं, पण लाटेचं पाणीही राहतं आणि लाँच कलेल त्या बाजूला धावतं. असं मोकळं पाणी मला टपावरच्या टाकीहून जास्त भीतीदायक वाटतं. खाली मासळी ठेवायच्या खणात वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलं तरी हेच होतं. खणात मधोमध लांबीच्या दिशेने फळ्यांचा आडोसा घातला, तर पाण्याची रुंदी निम्मी होते आणि सरळ होण्याच्या ताकदीतला तोटा चौथाईवर येतो. फळ्यांच्या फटीतून पाणी झिरपलं तरी ते एकदम धावत नाही. फळ्यांचं मात्र तांडेलाने लगेच मनावर घेतलं आणि सुताराला हाक मारली.

संध्याकाळपर्यंत टाकी डेकखाली गेली, लोखंड आणि दोर खणाच्या तळाशी. पुन्हा हेलकावे मोजले. आता पाचांना साडेतीस सेकंद, म्हणजे उंची ०.४३. छप्पर काढायला कुणीच तयार नव्हतं. ऑक्टोबरच्या उन्हात सावली कुठून आणायची, हा त्यांचा सवाल रास्तच होता. वजनाला हलकं असल्याने मीही ते राहू दिलं. गोणपाट काढल्याशिवाय सही करणार नाही म्हटल्यावर मात्र बरीच कुरकुर झाली. शेवटी भोकांवर जाळीचे तुकडे लावायचं ठरलं, तेही पाणी अडणार नाही इतक्या मोठ्या आसाचे, म्हणजे मोठ्या छिद्रांचे.