बोर्टनहून अपर स्लॉटरपर्यंत

शनिवार, मे महिना

आज कुठेही वेळेवर पोहोचायचं नव्हतं. सकाळच्या बसने बोर्टन-ऑन-द-वॉटरला उतरले, तेव्हा विंडरश नदीवरच्या ठेंगण्या दगडी पुलांवर अजून गर्दी नव्हती. काठच्या हिरवळीवर युद्धस्मारकाचा क्रॉस आहे. इंग्लंडात आल्यापासून ही सवयच लागली आहे, गावात शिरलं की आधी स्मारकावरची नावं वाचायची. मूठभर घरांच्या गावातही यादी असतेच. एकच आडनाव लागोपाठ आलं की वाटतं, भाऊभाऊ असतील का? आणि मग त्यांच्या आईचा विचार डोक्यातून जात नाही.

तिथून लोअर स्लॉटर दोन-अडीच किलोमीटर. नावातल्या स्लॉटरचा कत्तलीशी काही संबंध नाही. दलदलीच्या जागेसाठी जो जुना इंग्रजी शब्द होता, त्यावरून ते आलं. आय नदीच्या चिंचोळ्या पात्राकाठी मधाच्या रंगाची दगडी घरं, जुनी पाणचक्की, तिचं विटांचं धुराडं. सुंदर आहे, पण मी फार रेंगाळले नाही. मला पुढच्या वाटेची ओढ होती.

ती वाट सरळ कुणाच्या तरी कुरणातून जाते. खांबावर पिवळा बाण, म्हणजे पायी जाणाऱ्यांचा हक्क. जमीन मालकाची, वाट सगळ्यांची. १९४९च्या कायद्यानंतर अशा वाटा अधिकृत नकाशांवर नोंदल्या गेल्या, त्यामुळे मनात आलं म्हणून कुणाला त्या बंद करता येत नाहीत. पहिल्या वर्षी मी अशा प्रत्येक फाटकापाशी थबकायचे. कुणी हटकेल अशी धास्ती वाटायची. आता हात आपसूक पुढे जातो. या फाटकाला इथे किसिंग गेट म्हणतात. अर्धगोल कठड्यात झुलणारं एक दार. आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, दार मागे ढकलायचं आणि पलीकडे निघायचं. माणूस जातो, मेंढरं आतच राहतात. आजच्या फाटकाची वरची कड हातांनी घासून गुळगुळीत झाली होती. मी बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभी राहिले. कुंपणाला हॉथॉर्न पांढराशुभ्र फुलला होता.

अपर स्लॉटरला मात्र मृतांच्या नावांचा क्रॉस शोधायचा नव्हता. इथून पहिल्या महायुद्धाला गेलेले सगळे परत आले. दुसऱ्या महायुद्धाला गेलेलेही सगळे परत आले. अशा गावांना डबली थँकफुल, म्हणजे दुहेरी कृतज्ञ, म्हणतात, आणि साऱ्या देशात ती फार थोडी आहेत.

खालच्या बाजूला आय नदीचा उथळ उतार आहे. बूट काढून पाण्यात उभी राहिले. पाणी इतकं गार की पोटऱ्यांपर्यंत कळ गेली. त्या परतलेल्यांतला एखादा, पाठीवर पिशवी घेऊन, याच पाण्यातून घरी गेला असेल का? वर कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, भांड्यांचा आवाज येत होता. बोर्टनची परतीची बस चुकली. दुसरी यायला तासभर होता, म्हणून त्याच वाटेने सावकाश परत निघाले.