कापसाचा एक तंतू, एक पेशी

पऱ्हाटीच्या बोंडातून ओढून काढलेला एक तंतू म्हणजे एकच पेशी. फूल उमलतं त्याच दिवसाच्या आसपास बीजांडाच्या बाहेरच्या थरातली ही पेशी वाढायला लागते. जाडी 15–20 मायक्रॉन, पण लांबी 25–30 मिलिमीटरपर्यंत! पहिले साधारण तीन आठवडे लांबी वाढते, मग आतून सेल्युलोजचे थर बसतात. बोंड फुटून तंतू वाळला की पेशी चपटी होते आणि पीळ खाते. आतले सेल्युलोजचे धागे ठिकठिकाणी दिशा बदलतात, म्हणून एकाच तंतूत पीळही उलटतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहायलाच हवं.

आपल्याकडे कापसाचा दर्जा बोलताना मायक्रोनेअरचा आकडा पुढे येतो. तो आकडा रुईतून हवा किती सहज जाते यावरून निघतो. बारीक पण पक्व तंतू आणि जाड पण कच्चा तंतू, दोघांचा आकडा सारखाच येऊ शकतो. फरक पेशीच्या भिंतीच्या, म्हणजे आत बसलेल्या सेल्युलोजच्या थरांच्या, जाडीत असतो. थंडीत सेल्युलोज कमी बसतं, त्यामुळे फरदडीच्या (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या पिकाच्या) कापसात हा फरक मुद्दाम तपासावा.

हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा तर सरकीच्या एकाच टोकाचे तंतू घेऊ नका, सगळीकडचे घ्या. बारीक फणीने विंचरून काचपट्टीवर समांतर पसरा, वर आच्छादन काच ठेवा. 18 टक्के कॉस्टिक सोडा एका कडेने सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. द्रावण करताना सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, ते उसळतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. भिंगाला थेंब लागला तर काच खराब होते.

पक्व तंतू फुगून दांड्यासारखा गोल होतो, मधली पोकळी जवळपास दिसेनाशी होते. भिंत एकूण रुंदीच्या पाचव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून पातळ असेल तर तंतू कच्चा. असेच कच्चे तंतू सुतात गाठी करतात आणि रंग नीट धरत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ फोटोत होतो. सूक्ष्मदर्शकाचा काचपट्टीखालचा, उजेड कमी-जास्त करणारा पडदा पूर्ण उघडा ठेवला तर भिंतीची कड धुऊन जाते. फार मिटला तर कडेला काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात आणि भिंत खऱ्यापेक्षा जाड मोजली जाते. काळ्या जाड कडेचा गोल म्हणजे हवेचा बुडबुडा, पेशी नव्हे. मोबाइलवर फोकस व उजेड लॉक करा, टायमर लावा, झूम करू नका. त्याच बैठकीत, त्याच भिंगाने मायक्रोमीटर पट्टीचाही (काचेवर कोरलेल्या बारीक मोजपट्टीचाही) फोटो घ्या. तिचा एक भाग 10 मायक्रॉनचा असतो. इमेजजे या फोटोवर मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरूनच माप ठरवा. मोबाइल हलला, की पट्टीचा फोटो नव्याने.

सोडा नको असेल तर जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक फिल्म कापून एक तुकडा काचपट्टीखाली, दुसरा नेत्रिकेवर (डोळा लावतो त्या भिंगावर) पहिल्याशी काटकोनात धरा. दिसणारा सगळा भाग काळा होतो. मग काचपट्टी फिरवत 45 अंशाला आणली की जाड भिंतीचे तंतू लखलखतात, कच्चे मंद राहतात.