हात लावण्याआधीचे प्रश्न

गेल्या नोव्हेंबरात धुतलेल्या कपड्यांची टोपली उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. सरळ उभे राहता येईना आणि बसताही येईना. साताऱ्याला आईशी फोनवर बोलले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, तिकडं कुणी पायाळू मिळतंय का बघ." पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असे आमच्याकडे मानतात आणि आईच्या बोलण्यात काळजीच होती. इंग्लंडमधल्या आमच्या या लहानशा गावात पायाळू मिळाला नाही, पण शेजारणीने रस्त्याच्या टोकाशी असलेल्या ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे सांधे-स्नायूंवर हातांनी उपचार करणाऱ्यांच्या, दवाखान्यात जायला सांगितले. तेथे दोन ऑस्टिओपॅथ आणि एक मसाज थेरपिस्ट काम करतात. त्या तिघांविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात आहे.

तेथे जाण्याआधी मी दोन दिवस घालवले, याला कारण माझ्या वडिलांचे मनगट. मी सातवीत असताना ते सायकलवरून पडले. ओळखीच्या एका हाडवैद्याने नुसते लचकले आहे असे सांगून जोराने तेल चोळले, ओढून काहीतरी बसवल्यासारखे केले आणि कामट्या बांधून दिल्या. दीड महिन्यानंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये हाड मोडून वाकडे जुळल्याचे दिसले. तेव्हापासून वडिलांना उजव्या हाताने घट्ट बसलेले झाकण उघडता येत नाही. हातात ताकद असलेल्या, पण समोरच्याला काही न विचारणाऱ्या माणसाची भीती माझ्या मनात तेव्हापासून बसली आहे.

त्यामुळे पहिल्याच भेटीत, पन्नाशीच्या त्या ज्येष्ठ ऑस्टिओपॅथ बाईंनी जवळजवळ अर्धा तास मला हातच लावला नाही, याचे मला फार महत्त्व वाटले. दुखणे गुडघ्याच्या खाली उतरते का, दोन्ही पायांना मुंग्या येतात का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, लघवीवरचा ताबा सुटल्यासारखा वाटतो का, रात्री झोपेतून जाग येते का, वजन विनाकारण उतरले आहे का, पूर्वी कर्करोग झाला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या आहेत का, असे एकेक प्रश्न त्या शांतपणे विचारत आणि उत्तर लिहून घेत होत्या. यांपैकी काही प्रश्नांचे उत्तर 'हो' आले असते, तर उपचार न करता त्यांनी मला थेट रुग्णालयात पाठवले असते, असेही त्यांनी सांगितले. मग काय तपासणार, कशासाठी तपासणार आणि सोबत कोणी हवे आहे का, हे विचारून माझी संमती घेतली. गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाहिली, पाय सरळ ठेवून वर उचलून पाहिला आणि त्यानंतर तळहात एकमेकांवर घासून ऊबदार केले व माझ्या पाठीवर ठेवले. मणक्याच्या उजव्या बाजूला एका जागी त्यांचा अंगठा थांबला. "हेच तुमचं नेहमीचं दुखणं का, की हे वेगळं आहे?" असे त्यांनी विचारले. तेच होते.

ऑस्टिओपॅथीची सुरुवात अमेरिकेतली. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांची तीन मुले १८६४ साली मेंदूज्वराने दगावली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. बहुतेक आजारांचे मूळ हाडा-सांध्यांच्या रचनेत असते, हे त्यांचे म्हणणे मला पटत नाही, आणि आमच्या दवाखान्यातही तसा दावा कोणी करत नाही. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर आज पूर्ण डॉक्टर असतात, औषधे देतात आणि शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये तसे नाही. येथे १९९३ च्या कायद्याने जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिल स्थापन झाली आणि तिच्याकडे नोंदणी नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणे हा गुन्हा ठरला. नोंदणी आहे की नाही, हे कोणालाही नावावरून शोधता येते, आणि मीही ते जाण्याआधी शोधले होते.

मसाज करणाऱ्यांसाठी मात्र येथे असा कायदा नाही. म्हणूनच त्या दवाखान्यातील मसाज थेरपिस्टबद्दल मला विशेष लिहायचे आहे. ती तिशीतली मुलगी आहे. नखे अगदी कापलेली असतात आणि हातात अंगठी किंवा घड्याळ नसते. कामाला लागण्याआधी ती टेबलाची उंची माणसागणिक बदलते, म्हणजे जोर अंगठ्यांवर न येता तिच्या अंगाच्या वजनातून येतो, कारण या कामात अंगठे लवकर झिजतात. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला आमच्या आळीत येणाऱ्या मावशीही तळव्याची कड आणि कोपर असेच वापरत, ते मला तिच्याकडे पाहून आठवले.

जानेवारीत माझे यजमान मुंबईहून परतले. एवढा वेळ विमानात बसल्याने पोटरीत गोळा आला आहे, जरा चोळून घेतले की बरे वाटेल, असे म्हणून ते तिच्याकडे गेले. तिने दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. डावी सुजलेली, तुकतुकीत आणि हाताला गरम लागत होती. प्रवास कधी झाला एवढे तिने विचारले, तेलाची बाटली बंद केली आणि शेजारच्या खोलीतून ऑस्टिओपॅथ बाईंना बोलावले. दोघींनी त्यांना तडक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाठवले. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी दिसली आणि त्याच दिवशी रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली. अशी पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्या मुलीने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत आणि संध्याकाळी स्वतः फोन करून चौकशी केली. तिच्याबद्दल माझ्या मनात जी कृतज्ञता आहे, ती पूर्णपणे शब्दांत मांडणे मला जमणार नाही.

माझी कंबर चार भेटींत बरीच सुटली. एकदा पाठीतून कटकन आवाज आला, तेव्हा हाड जागेवर बसले असे मला वाटले. सांध्यातील द्रवात पोकळी तयार होताना असा आवाज होतो, हाड सरकलेले नव्हतेच, असे बाईंनी समजावून सांगितले. कंबरदुखीवर हातांनी करायचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, असे उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या येथील नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे आणि त्या तेच पाळतात. रोज अर्धा तास चालणे आणि तीन व्यायाम त्यांनी लिहून दिले. चौथ्या भेटीनंतर पुढची वेळ मी मागितली, तरी आता गरज नाही म्हणून त्यांनी दिली नाही.

जूनमध्ये आई-वडील आमच्याकडे आले, तेव्हा मी वडिलांना तेथे घेऊन गेले. बाईंनी त्यांचे मनगट दोन्ही हातांत धरले आणि आधी ते कसे पडले होते, हात कोणत्या बाजूला टेकला होता, हे विचारले. वडील मराठीत सांगत होते, मी भाषांतर करत होते आणि त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. हाडात आता काही बदलणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण मनगटाची उणीव भरून काढता काढता खांदा आखडला आहे आणि तो मात्र सुटू शकेल, असे त्या म्हणाल्या. दाराच्या चौकटीला तळहात टेकवून करायचा एक व्यायाम त्यांनी दाखवला. वडील साताऱ्याला परतले आहेत आणि सकाळच्या चहाआधी स्वयंपाकघराच्या दारात तो करतात, असे आई सांगते.